भुकेल्याचा हेतू कोणी तपासायचा?

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या अभ्यास शिबिरात एका पोराने उभं राहून विचारलं, "काका, कॉलेजात पोरं मला तोंडावर म्हणतात, तुमच्या म्हाताऱ्यांनी सवलतीसाठी धर्म बदलला. पोटासाठी बदललेल्या धर्माला धर्म म्हणायचं का? मी काय उत्तर देऊ?"

शिबिरात एकदम गलका झाला. एकाने राज्यघटनेचं कलम काढलं. दुसऱ्याने बावीस प्रतिज्ञा म्हणायला सुरुवात केली. तिसरा म्हणाला, अशांना उत्तर कशाला, कानफटात द्यायची. मी वयाने मोठा, म्हणून शेवटी मलाच बोलावं लागलं. मी दिलेलं उत्तर हिशेबाचं होतं. म्हणालो, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती जवळजवळ फक्त हिंदूंना होत्या. 1956 साली त्या शिखांना मिळाल्या. बौद्धांना केंद्रात मिळायला 1990 साल उजाडावं लागलं. म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्यांनी धम्म घेतला त्यांनी केंद्राच्या सवलती कमावल्या नाहीत, गमावल्या. चौतीस वर्षं गमावल्या. टाळ्या पडल्या. पोरगा समाधानाने खाली बसला.

माझं समाधान मात्र झालं नाही. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडलो आणि डोळ्याला डोळा लागेना. उत्तर खरं होतं, पण ते देताना मी आरोप करणाऱ्याचाच कायदा मान्य केला होता. 'आम्ही पोटासाठी केलं नाही' असं म्हणताना मी मुकाट्याने हेही कबूल केलं की पोटासाठी केलं असतं तर ते हलकं ठरलं असतं. खरंच ठरलं असतं का? आणि ते ठरवणारा कोण?

माझी आजी अडाणी होती. ती धम्म घेऊन नागपूरहून परत आली तेव्हा गावातल्या एका मोठ्या घरच्या बाईने तिला विचारलं होतं, "काय गं, बुद्ध झालीस, काय घावलं?" आजी हा किस्सा आम्हाला शंभरदा सांगायची. तिने उत्तर दिलं होतं, "घावलं कायबी न्हाई बाई. येसकराची भाकर व्हती, ती बी गेली. पर आता मी तुमच्या दारात वरडत न्हाई, एवढं झालं." आजीचा हिशेब माझ्यापेक्षा चोख होता. भाकर गेली आणि ओरडणं गेलं, हे दोन्ही तिने एकाच वाक्यात धरलं. आपण शिकलेल्यांनी ते वाक्य तोडलं. एका पारड्यात भाकर ठेवली, दुसऱ्यात मान ठेवला, आणि सांगत सुटलो की आमचं सगळं दुसऱ्या पारड्यातलं आहे.

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी फार मागे गेलो आणि फार लांबही. आंध्रातल्या ओंगोलला. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या मादिगांनी दीडशे वर्षांपूर्वी एक बॅप्टिस्ट चर्च उभं केलं. मादिग म्हणजे तिकडचे चामड्याचं काम करणारे. आपल्या नांदेडच्या सीमेवर मादगी म्हणतात तेच. आज जो आरोप आपल्या पोरांवर होतो, तोच त्यांच्यावर आधी झाला होता. तोही अगदी आकड्यानिशी, जगभर. म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला माहीत पाहिजे.

अमेरिकन बॅप्टिस्टांचं तेलुगू मिशन नेल्लोरला 1840 पासून होतं. पंचवीस वर्षं त्याच्या हाती जवळजवळ काही लागलं नाही. अमेरिकेतल्या मंडळाने ते बंद करायचा विचार एकदा सोडून अनेकदा केला. अशात 1866 साली यर्रगुंटला पेरय्या नावाचा एक मादिग त्यांच्याकडे आला. तो कातड्याचा व्यापार करायचा, त्यासाठी मुलूख फिरायचा. आधी तो योगमार्गी गुरूंच्या मागे होता. म्हणजे देव काय, आत्मा काय, माणूस काय, या प्रश्नांवर हा माणूस पाद्री भेटायच्या कितीतरी आधीपासून झुरत होता. मादिगाला फक्त पोट असतं, त्याला प्रश्न नसतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी पेरय्याकडे बघावं.

त्याच वर्षी जॉन क्लफ हा तरुण मिशनरी ओंगोलला राहायला आला. 1 जानेवारी 1867 ला ओंगोलचं चर्च स्थापन झालं. सभासद किती? आठ. त्याच महिन्यात पेरय्याने क्लफला आपल्या तालकोंडपाडू गावाकडे नेलं. आजूबाजूच्या खेड्यांतले मादिग गाठोडी बांधून आले, झाडाखाली राहिले, पाच दिवस ऐकत, विचारत राहिले आणि अठ्ठावीस जणांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चचा इतिहास सांगणारे म्हणतात, क्लफने मादिगांना निवडलं. माझं वाचन वेगळं आहे. मादिगांनी साहेबाला निवडलं, मग त्याला त्यांना निवडावं लागलं.

कारण साहेबापुढे लगेच पेच आला. ओंगोल गावातल्या वरच्या जातीच्या लोकांची पोरं त्याच्या शाळेत येत होती. त्यांनी सरळ सांगितलं, या लोकांना आत घेतलंत तर आम्ही येणार नाही. साहेबापुढे हिशेब होता. एकीकडे शिकलेले, पैसेवाले, वजनदार लोक. दुसरीकडे गावाबाहेरची मेलेली ढोरं ओढणारी माणसं. क्लफ स्वतः सांगतो की तो एका खोलीत आणि त्याची बायको हॅरिएट दुसऱ्या खोलीत, दोघांनी एकमेकांना न सांगता बायबल उघडलं आणि दोघांच्याही समोर पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचं तेच पान आलं. देवाने थोरामोठ्यांना, कुलवंतांना फारसं बोलावलेलं नाही, जगाने तुच्छ मानलेल्यांना बोलावलं आहे, अशा अर्थाचं. चमत्कारावर माझा विश्वास नाही. पण एक गोष्ट मी मानतो. त्या माणसाने फायद्याचं दार सोडून तोट्याचं दार उघडलं. वरच्या जातीची पोरं शाळा सोडून गेली. त्याने जाऊ दिली.

आता आत येणाऱ्यांना काय सोडावं लागलं ते बघा. नव्या ख्रिस्ती मादिगाला तीन गोष्टींची बंदी होती. रविवारी काम करायचं नाही. मूर्ती पुजायच्या नाहीत. मेलेल्या ढोराचं मांस खायचं नाही. घरात बसून वाचलं तर या तीन ओळी आहेत. मादिगाच्या जगण्यात त्या काय होत्या? गावातल्या शेतकऱ्याच्या वहाणा, विहिरीवरच्या मोटेचं कातडं, जत्रेतलं डप्पू वाजवणं, ही सगळी मादिगाची बांधलेली कामं. बदल्यात सुगीला धान्याचा वाटा आणि मेलेलं ढोर. आपल्या बलुत्यासारखंच. देवीपुढे डप्पू वाजवायचं नाकारलं, रविवारी मोट शिवायचं नाकारलं की सगळी व्यवस्था अंगावर यायची. विहिरी बंद झाल्या. बाजारात माल घेईनात. चोरीचे आळ आले. धान्याचे वाटे अडवले. म्हणजे या माणसांनी भाकरीसाठी धर्म घेतला म्हणता, तर पहिल्याच दिवशी त्यांची भाकर गेली होती. माझ्या आजीची गेली तशीच.

मेलेल्या ढोराचं वाचताना मला महाड आठवलं. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हेच सांगितलं होतं, मृतमांस सोडा. आणि 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी त्या शहाण्यांचीही आठवण काढली ज्यांनी मेलेल्या ढोराची शिंगं, खुरं, कातडं यांचा नफा मोजून महारांना तोटा समजावून सांगितला होता. नफ्याचा हिशेब शिकवणारे आणि धर्मांतराच्या वेळी 'तुम्ही नफ्यासाठी केलं' म्हणणारे हे एकाच वर्गातले लोक. गुलामीत राहताना आपण हिशेबी असावं, बाहेर पडताना मात्र साधुसंत असावं, अशी त्यांची अपेक्षा.

मग 1876 ते 78 चा दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात आणि आपल्या दख्खनमध्येही माणसं किड्यामुंगीसारखी मेली. सरकारचा दुष्काळ अधिकारी सर रिचर्ड टेंपल याने 1877 च्या जानेवारीत मजुरी कापली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. त्यावर दिवसभर माती उपसायची. सरकारी कामांवर मुकादम वरच्या जातीचे, आणि मादिगाला तिथेही मार आणि शिवी. तेव्हा क्लफने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट स्वतःच घेतलं. मिशनरी व्हायच्या आधी त्याने मोजणीचं काम केलेलं होतं. मुकादम म्हणून त्याने आपले मादिग प्रचारक नेमले. हजारो माणसं तिथे खपली. दुपारी विसाव्याला बसली की प्रचारक त्यांच्याशी बोलायचे. बहुतेकांनी बाप्तिस्मा मागितला.

इथे तो माणूस जे वागला ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. त्याने बाप्तिस्मा थांबवला. जवळजवळ पंधरा महिने एकालाही दिला नाही. माझ्या हातात धान्याचे पैसे आहेत, या हाताने मी आत्ता धर्म देणार नाही, असा त्याचा अर्थ.

जून 1878 पर्यंत काम संपलं, मदत संपली. ओंगोलमध्ये रोगराई होती म्हणून त्याने लोकांना गुंडलकम्मा नदीकाठच्या वेलमपल्लीला बोलावलं. तिथे हजारो जमले. त्याने सांगितलं, आता माझ्याकडे काही नाही, पैसा नाही, काम नाही, घरी जा. लोकांनी हात पुढे केले. हातावर कुदळीचे घट्टे होते. म्हणाले, आम्ही भीक मागायला आलो नाही, आम्ही कष्टाचं खाल्लं आहे. जगू नाहीतर मरू, पण आम्हाला आत घ्या.

गावोगावच्या प्रचारकांनी आपापल्या लोकांच्या याद्या केल्या होत्या, एकेकाला तपासलं होतं. 2 जुलैला 614 जणांनी बाप्तिस्मा घेतला. 3 जुलैला 2,222 जणांनी. 4 जुलैला 700 जणांनी. तीन दिवसांत 3,536. पाण्यात उभे राहून बाप्तिस्मा देणारे साहेब नव्हते. तेलुगू प्रचारक होते, सहा जण, एका वेळी दोघे पाण्यात उतरायचे, दमले की पुढचे दोघे. मी ती नदी बघितली. उन्हाळ्यात गेलो होतो, पाणी कमी होतं. काठावर उभा राहून मनात म्हटलं, ज्याच्या सावलीने गावची विहीर बाटत होती ती माणसं इथे अख्खी पाण्यात बुडाली आणि एका नदीचंही काही बिघडलं नाही.

आरोप लगेच झाला. तांदळाचे ख्रिस्ती. पोटाचे ख्रिस्ती. अमेरिकेतल्या धर्मबंधूंनाही शंका आली, एका दिवसात इतके लोक कसे शुद्ध होतील? पुढे 1936 साली गांधींनी तर अमेरिकन मिशनरी जॉन मॉट यांच्याशी बोलताना अस्पृश्यांच्या समजशक्तीची तुलना गाईशी केली. गाईला कुणी शुभवर्तमान सांगतं का, असा त्यांचा रोख होता. बाबासाहेबांनी या भूमिकेचा समाचार घेतला तो उगाच नव्हे. गाईला हेतू नसतो. ज्याला हेतू नाही त्याला धर्म कुठून? म्हणजे एक म्हणतो यांना पोटाचाच हेतू आहे, दुसरा म्हणतो यांना हेतूच नाही. दोघे मिळून एकच गोष्ट सांगतात, निर्णय घेणं हा यांचा अधिकार नाही.

आता मूळ प्रश्नाला भिडू. समजा, वेलमपल्लीच्या 2,222 पैकी पन्नास जण, शंभर जण, पाचशे जण केवळ भुकेपोटी आले होते. समजा, नागपुरातही काही जण कशासाठी आलो हे पुरतं न समजता आले होते. मग?

मी म्हणतो, काहीही बिघडत नाही. ज्या धर्मात जन्माने भूक मिळते तो धर्म सोडायला भूक हे कारण पुरेसं आहे. भूक ही काही आकाशातून पडलेली नव्हती. मादिगाला जमीन नाही, महाराला विहीर नाही, मांगाला शाळा नाही, हे सगळं धर्माच्या आधाराने ठरलेलं. तेव्हा उपाशी माणूस 'मला भाकर पाहिजे' म्हणतो तेव्हा तो पोटाविषयी बोलतो आणि त्याच वेळी धर्माविषयीही बोलतो. भरल्या पोटाचा माणूस मोक्षासाठी देव बदलतो, त्याला आपण साधक म्हणतो. रिकाम्या पोटाचा माणूस मुलाच्या तोंडात घास पडावा म्हणून देव बदलतो, त्याला आपण विकाऊ म्हणतो. मोक्षाची हाव चालते, भाकरीची चालत नाही. ही नीती कुणाची? ज्याच्या घरात कणगी भरलेली आहे त्याची.

पण म्हणून हेतू तपासायचाच नाही असं मी म्हणत नाही. तपासायचा, पण कुणाचा ते क्लफच्या त्या पंधरा महिन्यांनी दाखवून दिलं आहे. त्याने अट स्वतःला घातली. हातात भाकर असेपर्यंत मी कुणाचा आत्मा मागणार नाही. म्हणजे नीतीची कसोटी देणाऱ्याला असते, घेणाऱ्याला नसते. जो भाकर देतो त्याला विचारा, बदल्यात काय मागतोस? निष्ठा? मत? मोर्च्याला माणसं? जो भुकेला आहे त्याला विचारू नका की तू नक्की का आलास. तो आला आहे, बस्स.

मित्रांनो, एवढं लिहून लेख संपवला असता तर तो तुम्हाला आवडला असता. पण ओंगोलची गोष्ट इथे संपत नाही, आणि माझीही संपत नाही.

त्या चर्चमध्ये कोण आलं? बहुतेक मादिग. माला लोक, म्हणजे तिकडचे आपल्यासारखे, बाजूला राहिले. हा मादिगांचा धर्म आहे, आपण कसे जाणार? पुढे मालाही मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, पण पुष्कळसे दुसऱ्या मिशनांत गेले. म्हणजे दोघांचा देव एक, पुस्तक एक, आणि चर्चं जातीजातींची. बेटीव्यवहाराचं तर नावच नको. येशूने सगळ्यांना एका ताटात जेवायला बसवलं असं सांगणाऱ्यांनी ताटं वेगळी ठेवली. शिवाय शाळा, दवाखाना, जमीन, पगार सगळं मिशनच्या हातात. पेरय्याने ज्या चर्चची वाट पाडली त्याच्या इतिहासात क्लफचं नाव मोठ्या अक्षरात येतं आणि पेरय्याचं लहान.

1 जानेवारी 1938 ला बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. ख्रिस्ताविषयी त्यांना आदर होता. पण त्यांनी स्पष्ट सुनावलं की दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात शिल्लक आहे आणि ख्रिस्ती समाजाने सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा उभारला नाही. धर्म बदलला आणि लढा सोडला तर काय होतं, ते त्यांना दिसत होतं. म्हणूनच त्यांनी आपल्याला धम्म दिला तो प्रतिज्ञांसकट दिला.

चर्चमध्ये गेल्याने गावाने मादिगाला मादिग मानणं थांबवलं का? ओंगोल ज्याचं मुख्य ठिकाण, त्या प्रकाशम जिल्ह्यात कारमचेडू हे गाव होतं. आता ते बापटला जिल्ह्यात आहे. तिथे मादिगांच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यावर जमीनदारांच्या पोरांनी म्हशीचं भांडं धुतलं, एका मादिग बाईने जाब विचारला. दुसऱ्या दिवशी, 17 जुलै 1985 ला, कम्मा जमीनदारांच्या जमावाने वस्तीवर हल्ला केला. सहा मादिग मारले, बायकांवर अत्याचार केले. मारणाऱ्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला बघितला नाही. कायदा मात्र बघतो. ख्रिस्ती झालेला दलित 1950 च्या आदेशाबाहेरच ठेवला गेला. 2025 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाद्र्याच्या फिर्यादीत सांगितलं की ख्रिस्ती झाल्यावर त्याला अट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाही. लाठीला तो मादिग आहे, कायद्याला तो मादिग नाही.

पण त्याच कारमचेडूची दुसरी बाजूही सांगतो. वस्ती सोडून पळालेले लोक चिराल्यात चर्चच्या आवारात तळ ठोकून राहिले. तिथून लढा उभा राहिला. कत्ती पद्माराव, बोज्जा तारकम पुढे आले, दलित महासभा उभी राहिली. तिथे माला आणि मादिग एकत्र आले. शंभर वर्षं जे प्रार्थनेने जमलं नाही ते काही काळ लढ्याने जमवलं. फक्त काही काळ. 7 जुलै 1994 ला त्याच प्रकाशम जिल्ह्यातल्या ईदुमुडी गावातून मंदा कृष्ण मादिग यांनी मादिग दंडोरा सुरू केला. मादिगांचा सवाल साधा होता. सवलतीचा वाटा मालांना जास्त का? 1 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने उपवर्गीकरण मान्य केलं, त्या निकालामागे ही तीस वर्षांची दवंडी आहे. दवंडी पिटायला त्यांनी वाद्य कोणतं घेतलं? डप्पू. पणजोबांनी देवीपुढे वाजवायचं नाकारलं तेच.

आपल्यापैकी काहीजण या निकालाने चिडले. फूट पाडायचा डाव आहे म्हणाले. असेलही. पण चिडायच्या आधी एक गोष्ट ऐका. ही माझी स्वतःची गोष्ट आहे आणि शिबिराच्या रात्री मला झोप लागू न देणारी तीच होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या चार मातंग घरांनी धम्म घ्यायचं ठरवलं. त्यातला एक माझा शाळेतला मित्र. आम्ही दोघे एकाच बाकावर बसून मार खाल्लेले. तो विहाराच्या कमिटीकडे आला. मी कमिटीत होतो. आमच्यातला एक जुना, जाणता कार्यकर्ता, ज्याने नामांतरासाठी तुरुंग भोगला, तो म्हणाला, "येऊ द्या. पण आधी त्यांचा हेतू काय ते बघायला पाहिजे. इतकी वर्षं नाही सुचलं, आत्ताच कसं सुचलं? सोसायटीच्या निवडणुकीसाठी आलेत की आपल्या पोरींसाठी?" काहीजण हसले. मित्र माझ्याकडे बघत होता. मी सतरंजीकडे बघत होतो. मी काहीही बोललो नाही.

दीक्षा झाली. पण जेवणाच्या पंगतीत ती चार घरं आपोआप एका कडेला बसली. कुणी बसवलं नाही. कुणी उठवलंही नाही. पुढच्या वर्षी 14 एप्रिलला ते आले नाहीत. मित्र रस्त्यात भेटला तेव्हा मी विचारलं, "का रे, आला नाहीस?" तो म्हणाला, "हेतू शोधतोय. घावला की येतो."

आता सांगा, कँटीनमध्ये आपल्या पोराला टोमणा मारणारा आणि आमच्या कमिटीतला तो जाणता माणूस, यांच्या प्रश्नात काय फरक आहे? एका अक्षराचा नाही. जो प्रश्न विचारून सवर्णांनी आपल्याला दारात उभं केलं, तोच प्रश्न आपण आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारला. आणि पोचीराम कांबळेला कोण विसरलं? नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा मातंग. ऑगस्ट 1978 मध्ये नामांतराच्या दंगलीत जमावाने त्याला 'जय भीम' सोडायला सांगितलं, त्याने सोडलं नाही, जीव सोडला. त्याला मारणाऱ्यांना त्याच्या हेतूविषयी शंका नव्हती. शंका आपल्यालाच येतात.

क्लफ परका होता, साहेब होता, त्याच्या मिशनच्या चुका डोंगराएवढ्या. तरी हातात भाकर असताना त्याने स्वतःला तपासलं. आज आपल्याही हातात थोडं काही आहे. विहाराची किल्ली आहे, वसतिगृहाची शिफारस आहे, कमिटीची खुर्ची आहे, बाबासाहेबांच्या नावाचा अधिकार आहे. जगाच्या मानाने चतकोर. पण जो आपल्याहून उपाशी आहे त्याच्या दृष्टीने आपण देणारे आहोत. म्हणजे कसोटी आपली आहे.

त्या पोराला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं इथे देतो. बाळा, तुला पुन्हा कुणी विचारलं की तुमच्या म्हाताऱ्यांनी कशासाठी धर्म बदलला, तर लाजू नको आणि हिशेबही देऊ नको. सांग, भाकरीसाठी बदलला, पाण्यासाठी बदलला, दारात ओरडायचं बंद व्हावं म्हणून बदलला. आणि मग त्याला विचार, तू तुझा का नाही बदललास? तुला त्यात काय मिळतं?

एवढं त्याला सांगून झालं की घरी ये. आपल्या विहारात बघ, कडेला कोण बसलंय. त्याच्या शेजारी जाऊन बस. मी परवा मित्राच्या घरी गेलो. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. वहिनीने भाकर वाढली, ती आम्ही खाल्ली. उठताना म्हटलं, "पौर्णिमेला येशील?" तो म्हणाला, "बघू." त्याने लगेच हो म्हणावं असा माझा काही हक्क नाही. इतकी वर्षं मी सतरंजीकडे बघत होतो, आता थोडे दिवस त्याने बघावं.

जय भीम.